आठाच्या जागी चार

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी गेली एकोणतीस वर्षे दवाखाना चालवीत आहे. माझे रुग्ण आजाराविषयीचे प्रश्न खुर्चीवर बसून विचारतात; पैशाविषयीचा प्रश्न मात्र निघताना, दाराशी चपला पायात सरकवताना विचारतात. ‘‘बाई, आरोग्याचा विमा काढून ठेवावा का हो?’’ हा प्रश्न असाच दाराशी येतो. कित्येक वर्षे मी त्याला ‘‘काढा की, चांगलाच असतो,’’ एवढेच उत्तर देत असे आणि पुढच्या रुग्णाला हाक मारीत असे. ते उत्तर किती अपुरे होते, हे मला फार उशिरा कळले.

आमच्या गावातील बहुतेक माणसे स्वतःच्या हिमतीवर पोट भरणारी. शिंपी, किराणा दुकानदार, रिक्षाचालक, वायरमन, घरगुती शिकवण्या घेणाऱ्या भगिनी. त्यांना मालकाने काढून दिलेला सामूहिक विमा नसतो, कर्मचारी राज्य विम्याचे कार्ड नसते आणि निवृत्त सरकारी नोकरांना मिळणाऱ्या वैद्यकीय सुविधाही नसतात. मी स्वतः त्यांच्यातलीच. माझे यजमान छापखाना चालवतात. ज्या दिवशी शटर उघडत नाही त्या दिवशी उत्पन्न नाही, हा आमच्या दोघांच्याही व्यवसायांचा नियम. नोकरदार माणूस आजारी पडला तर त्याला खर्च सोसावा लागतो. स्वयंरोजगार करणारा आजारी पडला की खर्च सुरू होतो आणि त्याच दिवशी मिळकत थांबते. म्हणून विम्याची गरज त्याला अधिक असते, आणि तो निवडून देणारे मात्र त्याच्या पाठीशी कोणी नसते.

२०१६ सालची गोष्ट. माझे एक जुने रुग्ण, त्यांना आपण अण्णा म्हणू, शिंपीकाम करीत. वय एकसष्ट. त्यांचा मधुमेह मीच २००८ साली शोधला होता. महिन्याच्या महिन्याला येत, गोळ्या नियमाने घेत, चहात साखर नको म्हणून गिऱ्हाइकांनाही बजावीत. त्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. जिल्ह्याच्या ठिकाणी अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. बिल पावणेतीन लाखांच्या घरात गेले. त्यांच्याकडे साडेचार वर्षे जुनी आरोग्य विम्याची पॉलिसी होती, त्यामुळे घरची मंडळी निश्चिंत होती.

आठवड्याभराने अण्णांचा मुलगा विमा कंपनीचे पत्र घेऊन आला. रुग्णालयाच्या केसपेपरवर पहिल्याच ओळीत ‘मधुमेह, आठ वर्षे’ अशी नोंद होती. २०१२ साली भरलेल्या प्रस्ताव अर्जात मात्र मधुमेहाच्या रकान्यापुढे ‘नाही’ असे होते. मधुमेह नेमका कधीपासून आहे, याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र कंपनीने मागितले होते. ते प्रमाणपत्र देणारी डॉक्टर मीच.

दोन दिवसांनी अण्णा स्वतः आले. चालताना धाप लागत होती. खुर्चीवर बसले आणि हळूच म्हणाले, ‘‘बाई, एवढं आठाच्या जागी चार करा. तुमच्या पेनाला त्यात काय जड आहे?’’

मी पुष्कळ वेळ काही बोलले नाही. अर्ज इंग्रजीत होता, तो एजंटाने भरला होता आणि अण्णांनी दाखवलेल्या जागी सही केली होती. हा माणूस लबाड नव्हता, हे मला पुरते ठाऊक होते. तरीही जे घडले नाही ते मी लिहू शकत नव्हते. मी प्रमाणपत्रात २००८ हेच साल लिहिले. अण्णांनी कागद घेतला, घडी घातली, खिशात ठेवला आणि नमस्कार न करता निघून गेले. दावा नामंजूर झाला आणि पॉलिसीही रद्द झाली. विमा लोकपालांकडे जाण्याचे मी मुलाला सुचवले. परंतु अर्जावरची सही वडिलांचीच होती, त्यामुळे त्यांनी तो नाद सोडला. पिको-फॉलचे यंत्र आणि काकूंच्या पाटल्या विकून ते बिल फिटले.

मला आजही सलते ते वेगळेच. त्या पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारांसाठी चार वर्षांचा प्रतीक्षा काळ होता. अण्णांनी २०१२ साली मधुमेह खरा सांगितला असता, तर कदाचित हप्ता थोडा वाढला असता. पण तो प्रतीक्षा काळ २०१६ च्या दिवाळीपूर्वीच सरला होता. म्हणजे खरे लिहिलेल्या अर्जावर तो दावा मंजूर होण्यास मधुमेहाची आडकाठी राहिली नसती. आणि त्या आठ वर्षांत दरमहा त्यांची साखर कार्डावर लिहिणाऱ्या मला एकदाही विचारावेसे वाटले नव्हते, ‘‘अण्णा, विमा काढलात तेव्हा हे सांगितलेत ना?’’

यानंतर तीन महिन्यांनी माझ्या स्वतःच्या टेबलावर असाच एक अर्ज आला. तोवर आम्ही एका व्यावसायिक संघटनेच्या सामूहिक योजनेवर विसंबून होतो. हप्ता कमी, कटकट नाही. त्या वर्षी संघटनेचा आणि कंपनीचा करार पुढे चालू राहिला नाही आणि आमचे संरक्षण एका पत्रासरशी संपले. सामूहिक योजना स्वस्त असते, परंतु ती आपल्या हातात नसते. तिच्या जोडीला स्वतःच्या नावाची पॉलिसी तरुण वयात घ्यावी, हा धडा मी पंचेचाळिशी उलटल्यावर शिकले.

अर्ज घेऊन आलेला तरुण माझाच जुना रुग्ण, स्वभावाने चांगला. उच्च रक्तदाबाच्या रकान्याशी तो थांबला. मला २०१३ पासून रक्तदाब होता. पण त्याची नोंद कोठे होती? माझी तपासणी माझ्याच दवाखान्यात, माझ्याच यंत्रावर झालेली. गोळ्या औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी ठेवून गेलेल्या नमुन्यांतल्या. ना केसपेपर, ना औषधाचे बिल. तो म्हणाला, ‘‘मॅडम, इथं ‘नाही’ लिहू. तुमचा कागदच कुठं नाही.’’

वाचकहो, मी काही क्षण गप्प राहिले, हे येथे लपवण्यात अर्थ नाही. यजमानांच्या छापखान्यात त्या वर्षी कामे कमी होती आणि जादा हप्ता परवडणारा नव्हता. मनात हिशेब सुरू झाला होता. मग डोळ्यांपुढे अण्णांची ती घडी घातलेली चिठ्ठी आली. ज्या पेनाने मी त्यांच्यासाठी आठाचे चार केले नाहीत, त्याच पेनाने स्वतःसाठी ‘नाही’ लिहायला मी निघाले होते. मी रकान्यात ‘होय, २०१३ पासून’ असे लिहिले आणि गोळीचे नावही लिहिले. कंपनीने हप्ता सुमारे पाचव्या हिश्शाने वाढवला आणि रक्तदाब व त्यातून उद्भवणाऱ्या आजारांना चार वर्षांचा प्रतीक्षा काळ लावला. भरलेल्या अर्जाची प्रत मी मागून घेतली आणि पॉलिसीला टाचून ठेवली.

ती प्रत २०२२ च्या पावसाळ्यात कामाला आली. संध्याकाळी रुग्ण तपासताना छातीवर दडपण आले. ईसीजी मीच काढला, मीच वाचला आणि यजमानांना फोन केला. त्याच रात्री रुग्णालयात एका तरुण निवासी डॉक्टरने कागद पुढे ओढून विचारले, ‘‘मॅडम, बीपी किती वर्षांपासून?’’ हाच प्रश्न मी हजारो रुग्णांना विचारला होता; त्या रात्री प्रथमच त्याचे वजन कळले. ‘‘नऊ वर्षे,’’ मी म्हणाले. मनात कसलीही धाकधूक नव्हती. कंपनीने नेहमीप्रमाणे रक्तदाबाचा इतिहास विचारला, यजमानांनी अर्जाची प्रत पाठवली आणि कॅशलेस मंजुरी आली. एक स्टेंट बसला.

तरीही त्या बिलाने आम्हाला एक गोष्ट शिकवलीच. प्रवेशाच्या खिडकीवर ‘‘कोणती रूम?’’ असे विचारले गेले, तेव्हा घाबरलेल्या यजमानांनी ‘‘चांगली द्या,’’ असे सांगितले. आमच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे पाच लाखांवर दिवसाला ५,००० रुपये होती. घेतलेली खोली ८,००० रुपयांची. आमची समजूत अशी की दिवसाचे तीन हजार आपल्या खिशातून जातील. प्रत्यक्षात अनेक रुग्णालयांत खोलीच्या दर्जानुसार डॉक्टरांच्या भेटी, शस्त्रक्रिया, भूल यांचेही दर वाढतात. म्हणून कंपनी त्या रकमाही त्याच प्रमाणात, पाच अष्टमांश, मंजूर करू शकते. समजा, हे आकार १,६०,००० रुपये झाले, तर मिळतात एक लाख आणि साठ हजार आपल्याला भरावे लागतात. औषधे, स्टेंटसारखी उपकरणे, तपासण्या आणि अतिदक्षता विभाग यांना अशी प्रमाणशीर कपात लावता येत नाही, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब. तात्पर्य, पॉलिसी निवडताना खोलीभाड्याची मर्यादा नसलेली मिळाली तर उत्तम. नसल्यास ती मर्यादा घरातील प्रत्येकाला पाठ असावी. रुग्णाला घेऊन धावणारा माणूस पॉलिसी वाचत बसत नाही.

आता दाराशी प्रश्न आला की मी रुग्णाला पुन्हा खुर्चीवर बसवते. काय सांगते, ते थोडक्यात येथे मांडते.

पहिली गोष्ट विमा रकमेची. अमुक लाख पुरतात असा सरधोपट आकडा मी देत नाही. आपण ज्या रुग्णालयात खरोखर जाणार आहोत तेथे अँजिओप्लास्टीला किंवा खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेला किती खर्च येतो, हे विचारून यावे आणि ते रुग्णालय कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे का, तेही पाहावे. मोठ्या रकमेचा हप्ता झेपत नसेल, तर पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप अशी जोडी स्वस्त पडते. वर्षभरातील एकूण खर्च ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की सुपर टॉप-अप कामाला येते.

दुसरी गोष्ट आईवडिलांची. तरुण मुलांच्या फॅमिली फ्लोटरमध्ये सत्तरीच्या वडिलांना बसवले, तर सर्वांत मोठ्या वयानुसार सगळ्यांचाच हप्ता चढतो. म्हणून वडीलधाऱ्यांची पॉलिसी बहुधा वेगळी ठेवणे बरे. ज्येष्ठांच्या पॉलिसीत ‘को-पे’ नावाची अट असते, ती नीट पाहावी. को-पे वीस टक्के असेल, तर दोन लाखांच्या मान्य खर्चातील चाळीस हजार आपणच भरायचे असतात.

तिसरी गोष्ट प्रतीक्षा काळाची. पहिले ३० दिवस अपघाताखेरीज काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, गुडघ्याचे सांधेरोपण यांसारख्या उपचारांना बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. आधीपासून असलेल्या आजारांचा कमाल प्रतीक्षा काळ पूर्वी चार वर्षे होता. एप्रिल २०२४ पासून विमा नियामक प्राधिकरणाने तो तीन वर्षांवर आणला आहे. कंपनी बदलायची असल्यास पॉलिसी मोडू नये, ‘पोर्ट’ करावी. म्हणजे सरलेला प्रतीक्षा काळ फुकट जात नाही. त्यासाठी नूतनीकरणाच्या तारखेआधी निदान ४५ दिवस अर्ज करावा.

चौथी गोष्ट हप्त्याच्या तारखेची, आणि ही खास आपल्यासारख्यांसाठी. पगार नसलेल्या घरात पैसा हंगामाने येतो. आमच्या छापखान्यात तो लग्नसराईत येतो, अण्णांकडे दिवाळीत येई. पैसा हाती येताच हप्त्याची रक्कम वेगळी काढावी. वार्षिक हप्ता चुकल्यास ३० दिवसांची सवलत मिळते आणि प्रतीक्षा काळाचा लाभ टिकतो. परंतु हप्ता न भरलेल्या त्या दिवसांत आजारपण आले तर त्याचा खर्च मिळत नाही. शिवाय विमा रुग्णालयाचे बिल देतो, बंद दुकानाची कमाई देत नाही. तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा, हे विमा असूनही आवश्यकच.

काही नियम अलीकडे ग्राहकाच्या बाजूने झुकले आहेत. नवीन पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती वाचून, न पटल्यास परत करता येते. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि रुग्णालयातून सुटीच्या वेळी अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. ६५ वर्षांची जुनी वयोमर्यादा नियमांतून गेली आहे. अर्थात प्रकृती पाहून अर्ज नाकारण्याचा अधिकार कंपनीकडे राहतोच. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी विचारविनिमय करावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटीही शून्य झाला आहे. दावा अन्यायाने नाकारला असे वाटल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जावे. त्यांची कार्यालये पुण्यात आणि मुंबईतही आहेत व तेथे शुल्क लागत नाही.

आणि ज्यांना आता खासगी विमा झेपत नाही त्यांचे काय? माझ्या सासूबाई एक्याऐंशीच्या. त्यांच्यासाठी आम्ही वेळेवर काही केले नाही, ही आमची चूक. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू लागले. घरात सत्तरीपुढची दोन माणसे असतील, तर ती रक्कम दोघांत मिळून असते. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येते. आम्ही सासूबाईंना सेवा केंद्रात नेले, तर आयुष्यभर भांडी घासून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. शेवटी चेहरा दाखवून ओळख पटली आणि कार्ड निघाले. ‘‘तोंड बघून पैसे देतंय व्हय सरकार?’’ असे म्हणून त्या हसल्या. ही योजना संलग्न रुग्णालयांतच आणि दाखल होऊन घ्यायच्या उपचारांनाच चालते, दवाखान्यातील रोजच्या गोळ्यांना नाही. म्हणून आपल्या जवळचे कोणते रुग्णालय संलग्न आहे, हे आजच १४५५५ या क्रमांकावर विचारून ठेवावे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड यांच्या प्रती त्यासाठी एकत्र ठेवाव्यात.

रुग्णाची काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. तातडीच्या विभागात डॉक्टर ‘‘शुगर कधीपासून?’’ असे विचारतात तेव्हा घाबरलेला मुलगा ‘‘झाली असतील दहा वर्षं,’’ असे अंदाजाने सांगून मोकळा होतो, आणि तोच अंदाज केसपेपरची पहिली ओळ होतो. पॉलिसी सात वर्षांपूर्वीची आणि मधुमेह पाचच वर्षांचा असेल, तर या अंदाजाने खऱ्या माणसावरही बालंट येते. ज्या कागदावर आजाराचे पहिले निदान झाले तो जपून ठेवावा आणि त्यावरची तारीखच सांगावी. मी आता प्रत्येक नव्या निदानाच्या कागदावर तारीख ठळक लिहिते आणि त्याच भेटीत विचारते, ‘‘विमा आहे का? कधीचा?’’ पॉलिसी घेतल्यानंतर उद्भवलेल्या आजारासाठी किंवा दावा केला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही, हेही सांगते. कारण त्या भीतीने लोक निदानच लपवू लागतात.

ज्यांच्या जुन्या अर्जात चुकून वा एजंटाच्या सांगण्यावरून ‘नाही’ गेले आहे, त्यांनी कंपनीला आता तरी लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. कंपनी जादा हप्ता मागेल, प्रतीक्षा काळ लावील, क्वचित पॉलिसी रद्दही करील. पण ते प्रकृती ठीक असताना झालेले बरे. अतिदक्षता विभागाच्या दाराशी नको. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, असा आताचा नियम आहे. तो भाबड्या माणसाला आधार आहे; मुद्दाम खोटे लिहिणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

अण्णा त्यानंतर माझ्याकडे आले नाहीत. ते दुसऱ्या डॉक्टरांकडे जात असल्याचे कानावर येई आणि प्रकृती बरी असल्याचेही. गेल्या वर्षी एके दुपारी त्यांची सून आली. तिने घरीच शिवणवर्ग सुरू केला आहे. पिशवीतून तिने विम्याचा कोरा अर्ज काढला. या वेळी मराठीतला.

‘‘मामंजींनी पाठवलंय,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणाले, बाईंसमोर बसून भर. त्या विचारतील ते सगळं खरं सांग.’’

तिला थायरॉइडचा त्रास होता. तो कधीपासूनचा, हे तिला नीट आठवेना. मी कपाटातून तिचे जुने कार्ड शोधून काढले, तारीख पाहिली, आणि तिने स्वतःच्या हाताने रकान्यात ती लिहिली.